सरळ रोवलेल्या काठ्या

आमच्या गावात गोदावरीला गोदावरी म्हणणारा माणूस म्हणजे एक तर शाळेतले गुरुजी, नाही तर पाटबंधारे खात्याचा साहेब. बाकी सगळ्यांची ती गंगा. गंगेवर धुणं, गंगेवर दर्शन, गंगेवर भांडण. उमापूरच्या बाजारातून कुणी पाहुणा आला आणि घरी कुणी नसलं, तर शेजारीण सांगायची, "गंगंला गेल्यात समदे." या गंगेला माघी पौर्णिमेला आमच्या बाया साडी नेसवायच्या. आता नेसवत नाहीत. का नेसवत नाहीत ते गावात कुणालाही विचारा. भोयाच्या चुकीनं बाया बुडाल्या तेव्हापासून बंद झालं, असं सांगतील. ते खोटं आहे. ते खोटं टिकवण्यात माझाही हात आहे, म्हणून हे पहिल्याच झटक्याला सांगून टाकते. नाही तर पुढं माझा धीर व्हायचा नाही.

साडी नेसवणं म्हणजे कसं, ते सांगते. घरटी एक साडी यायची. महादेवाच्या देवळात बसून बाया त्या एकीला एक जोडायच्या. जोडायचं ते हातानं, आणि तेही लांब लांब कच्च्या टाक्यानं. नंतर उसवून ज्याची साडी त्याला परत द्यायची असते म्हणून कच्चा टाका, असं म्हाताऱ्या सांगायच्या. जोडून झालेली ती लांबच लांब साडी डोक्याच्या वर धरून सवाष्णी एकीमागं एक नदीत उतरायच्या आणि पलीकडच्या गावाच्या काठाला लागायच्या. माघात गंगा ओसरलेली असते. उतारानं गेलं तर पाणी गुडघ्याला, मध्ये फार तर कमरेला. सगळ्यात पुढच्या बाईनं साडीचा पदर आपल्या कमरेला खोचायचा. गंगेचा पदर कुणी हातातून सोडायचा नाही, एवढा एकच नियम. हा पदराचा मान त्या वर्षी लग्न झालेल्या गावच्या लेकीचा असायचा.

आणि हा उतार दाखवायचा मान भोईमामांचा. ते नावाडी. त्यांच्या आज्यापणज्यापासून या काठावर त्यांचीच नाव. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी ते हातात बांबू घेऊन एकटे नदी पायानं चाचपत जायचे आणि जिथं वाळू घट्ट लागेल तिथं बाभळीची काठी रोवायचे. काठीला लाल चिंधी. चिंध्या आमच्या दुकानातून जायच्या, तो आमच्या घराचा मान. आमचं कापडाचं दुकान. गाद्यांच्या खोळींना लागतो तो लाल खारवा आमच्याकडं असायचाच. तो कात्रीनं कापायचा नाही, हातानं फाडायचा, असा दंडक. भोईमामा दुपारी दुकानाच्या पायरीवर येऊन बसायचे, चहा प्यायचे, चिंध्या धोतराच्या सोग्यात गुंडाळून न्यायचे. मी लहान असताना मी फाडलेल्या चिंध्या बघून म्हणायचे, "माय, ही चिंधी का गोधडी? काठी वाकंल की एवढ्यानं."

त्यांच्या काठ्यांची ओळ कधी सरळ नसायची. विळ्यासारखी वळायची. आधी थोडी वर, मग मध्येच खाली, मग पलीकडच्या लिंबाच्या झाडाकडं. आम्ही पोरं हसायचो की मामांनी सकाळीच घेतलेली दिसतेय. खरं तर उतारच तसा होता आणि ते मामांच्या पायांना ठाऊक होतं. बायांनी काठ्या बघायच्या आणि चालायचं. काठी आहे म्हणजे मामा तिथून चालून गेले, यात शंका घ्यायची कुणाला गरजच पडत नव्हती.

वडील गेल्यावर दुकान दादाकडं आलं. दादा माझा मोठा भाऊ. त्याला गादीवर बसून गिऱ्हाइकांना साड्या उलगडून दाखवायचा कंटाळा. ती वर्षंच वेगळी होती. गेवराईत फोनची काचेची खोपटी उभी राहिली होती, आमच्या गल्लीत घरांवर टीव्हीच्या छत्र्या आल्या होत्या, आणि ज्याला त्याला मातीचं घर पाडून सिमेंटचं बांधायचं होतं. औरंगाबादकडं तर कारखान्यांवर कारखाने. सगळ्यांना वाळू पाहिजे आणि वाळू आमच्या गंगेत. दादानं एक ट्रॅक्टर घेतला, मग दुसरा. मग तो सरपंच झाला. काय आधी झालं आणि काय नंतर, याचा मला आता घोळ होतो, पण सरपंच आणि वाळू एकाच घरात आली हे नक्की. घरात फ्रीज आला. आई त्यात देवाची फुलं ठेवायची.

मला हे सगळं आवडत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. माझं लग्न दादानं थाटात करून दिलं. वाळूतून आलेल्या थाटावर मी मिरवत गेवराईला सासरी गेले आणि पहिल्या माघी पौर्णिमेला, पदराचा मान घ्यायला, मिरवतच परत आले.

त्या वर्षी दादानं साडीसुद्धा नवीन धर्तीची काढली. घरटी साड्या गोळा करत बसायचं, जुनीपुरी लुगडी जोडायची, हे त्याला गावंढळ वाटत होतं. पुढारी येणार होते, पलीकडच्या काठावर मंडप पडणार होता, पेपरवाले फोटो काढणार होते. त्यानं सुरतेहून हिरव्या नायलॉनचा अखंड तागा मागवला. कुठं जोड नाही, टाका नाही. बाया हात फिरवून बघत होत्या आणि म्हणत होत्या, गंगामायचं नशीब काढलं सरपंचानं.

आदल्या दिवशी दुपारी मी दुकानाच्या मागच्या खोलीत चिंध्या फाडत बसले होते. बाहेर भोईमामांचा आवाज आला. ते चढ्या आवाजात कधी बोलायचे नाहीत, त्या दिवशी बोलत होते. मी खारवा फाडत होते, त्या फर्र आवाजात नीट काही कळलं नाही. दादाचं हसणं तेवढं ऐकू आलं. मी बाहेर आले तर पायरीवर कुणी नव्हतं. मामांच्या चहाची कपबशी भरलेली, तशीच.

"मामा गेले? चिंध्या न्यायच्या राहिल्या की."

"घाईत व्हते," दादा म्हणाला. "गंगंवर वाट बघत्यात. आन इकडं, डायवरजवळ देतो पाठवून."

मी चिंध्या त्याच्या हातात दिल्या. सारख्या रुंदीच्या, नीट मोजून बांधलेल्या. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर त्या घेऊन गेला. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. स्वतःच्या भावाच्या साध्या वाक्यात काय वावगं शोधायचं?

सकाळी मी हिरवा शालू नेसून, कपाळाला विभूती लावून तयार झाले, तर आई म्हणाली, "तू मागं राह्य. पदराला सून जाईल."

माझा विश्वास बसेना. मी कारण विचारलं.

"पहाटं सपान पडलं मला," आई म्हणाली. ती माझ्याकडं न बघता वहिनीच्या ओटीत तांदूळ घालत होती. "गंगामाय आली व्हती. म्हनली, लेक परक्या घरची झाली, पदराला घरची सून दे."

मी रागानं लाल झाले. ओरडले, रडले, सासरी तोंड कसं दाखवू म्हणाले. माझ्या लग्नानंतरचा पहिला मान, आणि सख्ख्या आईनं तो एका स्वप्नासाठी काढून घेतला. मला वाटलं होतं, याहून मोठा विश्वासघात जगात नसेल. किती कोती होते मी.

वहिनी बिचारी मधल्यामध्ये अवघडली. ती पालीची, बिंदुसरेच्या धरणाजवळची, पण धरणाकाठची असून पाण्याला जाम भ्यायची. विहिरीत वाकूनसुद्धा बघायची नाही. "आत्याबाई, वन्संनाच जाऊ द्या की," असं ती दोनदा म्हणाली. आई ऐकेना. मग वहिनी माझ्याजवळ आली, माझा हात धरला आणि म्हणाली, "वन्सं, तुमी माझ्या मागंच ऱ्हावा. मला लई भ्या वाटतंय. तुमी धरलं म्हंजी मला बरं." मी फुरंगटून मान हलवली. तिच्याशी मी शेवटचं नीट बोललेसुद्धा नाही.

काठावर आलो तेव्हा पलीकडं मंडपात लाऊडस्पीकर सुरू होता. बँड होता. नदीत काठ्या होत्या, प्रत्येक काठीवर मी फाडलेली लाल चिंधी. आणि ओळ सरळ होती. आमच्या पिंपळापासून पलीकडच्या लिंबापर्यंत दोरी धरून मारल्यासारखी. मला ती दिसली. माझ्या पुढं-मागं उभ्या असलेल्या सगळ्या बायांना ती दिसली. एक म्हातारी म्हणालीसुद्धा, "औंदा काठ्या कशा साजऱ्या लावल्यात." बस, एवढंच. लहानपणापासून ज्या वाकड्या ओळीला आम्ही हसलो, ती सरळ का झाली, असं एकीच्याही मनात आलं नाही. काठी आहे म्हणजे मामा चालून गेले. तेवढ्यावर आम्ही पाण्यात उतरलो.

खालच्या अंगाला भोईमामा त्यांच्या नावेत उभे होते. मला ते दिसले आणि बरं वाटलं.

पाणी गार होतं. पिंडऱ्या, गुडघे, मग मांड्या. पुढं वहिनी, कमरेला नायलॉनचा पदर खोचलेला, आणि पाण्यात सुटू नये म्हणून आईनं वरून त्याला गाठ मारलेली. तिच्या मागं मी. दादा मंडपातून माइकवर बोलत होता. "थांबू नका मायबहिणींनो, चला, या, फोटो चाललेत." आम्ही अर्ध्याच्या थोडं अलीकडं असू. वहिनीनं पाय टाकला आणि ती उभीच्या उभी खाली गेली. पडली नाही, घसरली नाही. पायाखालची वाळूची कड ढासळली आणि ती नुसती दिसेनाशी झाली. डोक्यावर धरलेली साडी हिसका बसून खाली ओढली गेली. माझ्या हाताला तो हिसका बसला. मी साडी सोडली.

मी सोडली म्हणून मी वाचले. माझ्या मागच्या बायांनी सोडली नाही. गंगेचा पदर सोडायचा नाही, हे त्यांच्या हाडांत मुरलेलं. कच्चा टाका असता तर तिथल्या तिथं उसवला असता, साडीचे दोन तुकडे झाले असते. म्हाताऱ्यांनी सांगितलेल्या कारणाखाली आणखी एक कारण होतं, हे मला त्या वेळी कळलं. नायलॉन उसवत नाही, फाटत नाही. ते ओढत राहिलं आणि बाया एकीवर एक त्या खड्ड्यात गेल्या. लाऊडस्पीकरवर बराच वेळ "चला, या" चालूच होतं.

भोईमामांनी नाव कशी आणली, किती वेळात आणली, मला सांगता येत नाही. त्यांनी केसाला, हाताला, लुगड्याला, जे सापडेल त्याला धरून बाया वर काढल्या. मलाही त्यांनीच नावेत ओढलं. तिघी गेल्या. वहिनी सगळ्यात शेवटी सापडली. तिच्या कमरेची गाठ पाण्यानं अशी आवळली होती की सुटेना. शेवटी दुकानातली कापडाची कात्री आणून कापावी लागली. आमच्यात दहन करत नाहीत, पुरतात, बसवून. तिला तसं बसवलं तेव्हा तिच्या ओटीतले काही तांदूळ अजून पदरात चिकटलेले होते.

दादा लहान पोरासारखा रडला. ते रडणं खोटं नव्हतं, हे मी आजही सांगेन. त्यानं बायकोला मारायला काठ्या लावल्या नव्हत्या. त्याला वाटलं होतं, खोदलंय ते वरच्या अंगाला, उतार शाबूत असेल; आणि म्हाताऱ्या भोयाला कशाचंही भय वाटतं. मी त्याच्यासाठी रडले. दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत तो माझा भाऊ होता.

सकाळी गावात बोललं जाऊ लागलं की भोयानं पिऊन काठ्या लावल्या. कुणी सुरू केलं? कुणी कशाला सुरू करायला पाहिजे! काठ्या भोईच लावतो, हे सगळ्यांना ठाऊक. भोईमामा ज्याला त्याला सांगत होते, "औंदा मी न्हाई रोवल्या, बाबा. मी न्हाई म्हनून सांगून आलतो." तर लोक म्हणायचे, मग नाव घेऊन आधीच कावून उभा होतास रे? म्हणजे तुला ठाऊक होतं! ज्या नावेनं त्यांनी बाया काढल्या, तीच त्यांच्याविरुद्ध पुरावा झाली. त्या दुपारी पोरांनी ती नाव कुऱ्हाडीनं फोडली. त्यातल्या एकाची आई मामांनीच केसाला धरून वर काढली होती.

आणि ती सरळ ओळ? ती गावानं पाहिली होती, सगळ्या गावानं. ती मामांची असूच शकत नाही, हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण गावातल्या निम्म्या घरांत दादाच्या ट्रॅक्टरवर कामाला जाणारं कुणी ना कुणी होतं. सगळ्यांनी तोंडात गुळणी धरली.

जमादार शाळेत बसून जबाब घेत होते. मला बोलावणं आलं तेव्हा दादा माझ्या शेजारी जमिनीवर येऊन बसला. डोळे सुजलेले, दाढी वाढलेली. हळू आवाजात म्हणाला, "चिंध्या तू भोयाच्या हातात दिल्यास, एवढंच सांग."

"मी तुझ्या हातात दिल्या, दादा."

"तायडे, तुझी वहिनी तर गेली. आता मलाबी घालवती का?"

मी आईकडं पाहिलं. ती दारात उभी होती. म्हणाली, "दादा सांगतो तसं कर." आवाजात काहीच नव्हतं, ना राग, ना रडणं.

जमादारांनी विचारलं, काठ्या कोण रोवतं? शाळेच्या ओसरीवर भोईमामा उकिडवे बसलेले, त्यांच्या समोरच मी उभी. दादा म्हणाला तसं मी सांगितलं नाही. मी म्हणाले, "दर साली भोईमामाच रोवतेत." माझी हुशारी बघा. एक शब्द खोटा नाही. जमादार लिहू लागले.

तेवढ्यात मामा म्हणाले, "खरं हाय. दर साली मीच रोवतो. आन औंदाचं, माय? औंदाचं सांग की."

मी खाली बघितलं. शाळेची फरशी नुकतीच पुसल्यासारखी ओली होती, कुणी तरी पाणी सांडलं असावं. मी त्या ओल्या डागाकडं बघत उभी राहिले. जमादारांनी विचारलं, आणखी काही? मी नाही म्हणाले. ज्या माणसानं मला पाण्यातून ओढून काढलं, त्याचा मी असा केसानं गळा कापला.

मामांवर खटला झाला, पुढं तो ढिला पडून ते सुटलेही. पण नाव फुटली होती आणि गावात त्यांना कुणी पाणी देईना. ते परळीला लेकीकडं गेले. दादा पुढं मोठा झाला, तालुक्याला त्याचं नाव झालं. वहिनीच्या नावानं त्यानं गंगेवर सिमेंटचा घाट बांधला. उद्घाटनाला मला बोलावलं होतं. मी गेले, फीत धरली, फोटोत आले.

पाचसहा वर्षांनी श्रावणात आम्ही नवराबायको वैजनाथाच्या दर्शनाला परळीला गेलो. तिथं वीजकेंद्राच्या राखेनं झाडांची पानं करडी झालेली असतात, तशीच माणसंही. देवळाच्या पायऱ्यांवर बेलाची टोपली घेऊन एक म्हातारा बसलेला होता. बेल धुऊन धुऊन हिरवागार ठेवलेला. मी वाकले आणि ओळखलं. त्यांनी मला आधीच ओळखलं होतं. नवऱ्याला मी रांगेत पुढं पाठवलं आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसले. एवढी वर्षं जे घोकलं होतं, ते एका दमात बोलले.

"मामा, त्या साली काठ्या तुमी रोवल्या न्हाईत. दादानं डायवरकडून रोवून घेतल्या. चिंध्या मी दादाच्या हातात दिल्या व्हत्या."

ते बेलाची पानं निवडत राहिले. त्रिदळ बाजूला, तुटकं बाजूला.

"हे मला सांगून काय फायदा, माय?" ते म्हणाले. "मला तर ठावच हाय."

खरंच होतं. एवढ्या वर्षांत मी जे एका माणसाला सांगितलं, तो एकटाच असा होता की ज्याला ते सांगायची गरज नव्हती.

पानं निवडता निवडता तेच म्हणाले, "मला एक न्हाई कळलं. पदर तुझा व्हता. सून कावून पुढं व्हती?"

"आईला स्वप्न पडलं होतं."

त्यांचे हात थांबले. माझ्याकडं त्यांनी असं पाहिलं की मला उठून जावंसं वाटलं.

"सपान?" ते म्हणाले. "मी सांगून गेलतो तुझ्या मायला. दादा ऐकंना, तवा मागच्या दारानं गेलतो. म्हनलं, माय, उतार ऱ्हायला न्हाई, मधी मोठा खड्डा केलाय. पोरगं ऐकत न्हाई, तुमी तरी ऐका. पोरीला पदराला लावू नका. ती म्हनली, बरं झालं सांगितलंस."

त्यांनी पुन्हा पानं निवडायला घेतली.

"म्हनून तर नाव घेऊन उभा व्हतो. तुला पुढं बघितलं असतं तर पान्यात उडी टाकून आडवा झालो असतो. पर पुढं सून दिसली. मला वाटलं, रातून टॅक्टर लावून खड्डा बुजवला आसंल. न्हाईतर ठाव असून माय सुनेला कशाला पुढं धाडंल? म्हनून मी वरडलो न्हाई, बाई. थोडा थांबलो."

ते "थोडा थांबलो" त्यांनी ज्या आवाजात म्हटलं, तो अजून माझ्या कानात आहे. माझ्या आईच्या एका वाक्याचं ओझं तो माणूस इतकी वर्षं आपल्याच पाठीवर घेऊन बसला होता. मी त्यांच्या पाया पडले. त्यांनी पाय मागं घेतला नाही, आशीर्वादही दिला नाही. बेलाचं एक पान माझ्या हातावर ठेवलं आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळले.

परतताना मी सासरी न जाता सरळ माहेरी गेले. दुपारची वेळ, दादा बाहेरगावी. आई ओसरीवर कापसाच्या वाती वळत होती. मी उंबऱ्यात उभी राहूनच विचारलं, "आई, स्वप्न खरंच पडलं होतं?"

तिनं मान वर केली. मी कुठून आले, कोण भेटलं, काहीच विचारलं नाही. जणू एवढी वर्षं ती या प्रश्नाची वाट बघत वाती वळत होती.

"न्हाई," ती म्हणाली.

"मग सगळं बंद कावून नाही केलंस? दोघींना घरात कोंडायचं होतं!"

"तुझ्या दादानं माझं ऐकलं असतं का? पुढारी यायचे व्हते. घरातलं कुनीतरी पदराला पाहिजेच व्हतं." तिनं वात मांडीवर वळली. "मला वाटलं, भोई म्हातारा झालाय, भेतो उगंच. न्हाईबी काही व्हायचं. आन झालंच, तर." ती थांबली. "तर तू नगं."

मला तिला धरून हलवावंसं वाटलं. वहिनीनं तिचे पाय चेपले होते, तिची आजारपणं काढली होती, तिला आत्याबाई म्हणता म्हणता आई म्हणू लागली होती. वहिनीच्या कमरेची गाठ आईच्या याच हातांनी मारली होती. मी तसं सगळं बोलले, ओरडून बोलले, शेजारणी दारात येऊन उभ्या राहिल्या. आईनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "तू शाळेत दादाचं नाव घेतलं व्हतंस का?"

मी मागं वळून शेजारणींकडं बघितलं.

"तू भावाला वाचवलंस. मी लेकीला वाचवलं. मला विचारायला तू कशाला आलीस?" आणि वाती डब्यात भरून ती उठली. "उन्हातून आलीस. भाकरी टाकते. जेवून जा."

मला तिथून तडक निघून जायला पाहिजे होतं. मी तसंच ठरवून आले होते. पण चुलीवर भाकरीचा वास सुटला, तिनं ताट मांडलं, पाटाशी पाणी ठेवलं, आणि मी बसले. ठेचा होता, दूध होतं. तिनं पहिली भाकरी वाढली, मी खाल्ली. दुसरी वाढली, तीही खाल्ली. तिला काय वाटलं असेल ते तिला माहीत, दादाला काय वाटतं ते त्याला. मला मात्र सगळ्यात जास्त राग त्या दुसऱ्या भाकरीचा येतो.